सुपारी फुटली, लग्न कुठंय?

मानवी हक्कांचे आंतरराष्ट्रीय करार आणि आपला कायदा यांवरची पत्रं थांबत नाहीत, आणि गोंधळ दर वेळी तोच. या वेळी चार घेतली आहेत.

प्रश्न : नागरी व राजकीय हक्कांच्या करारात भारत १९७९ साली सामील झाला. त्यातलं कलम दाखवून थेट कोर्टात जाता येईल?

उत्तर : नुसत्या कलमावर नाही, संसदेचा कायदा लागतो.

प्रश्न : माझ्या भावाला अकरा महिन्यांपूर्वी कोठडीत मारहाण झाली. छळविरोधी करारावर भारताची सही आहे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागता येते, असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. खरं का?

उत्तर : नाही. तो मजकूर पुढे ढकलू नका. सही १४ ऑक्टोबर १९९७ ची, अनुसमर्थन, म्हणजे करार बंधनकारक म्हणून पक्का स्वीकारणं, आजही नाही. सुपारी फुटली म्हणजे लग्न लागलं असं होत नाही! २०१० मध्ये छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत प्रवर समितीकडे, म्हणजे विधेयक तपासणाऱ्या खासदारांच्या समितीकडे, गेलं आणि तिथेच निजलं. २०१७ मध्ये विधी आयोगानं नवा मसुदा दिला, त्याचाही कायदा झाला नाही. या चालढकलीचा फटका सरकारलाही बसतो. पुरुलिया शस्त्रप्रकरणातल्या, म्हणजे १९९५ मध्ये पश्चिम बंगालात विमानातून शस्त्रं टाकल्याच्या खटल्यातल्या, आरोपीला भारताच्या ताब्यात द्यायला डेन्मार्कच्या कोर्टानं २०११ मध्ये नकार दिला, कारण काय, तर इथे छळाचा धोका. तरी आपण ढिम्म. असो. तुमचा रस्ता इथलाच, मानवी हक्क आयोगाचा. पण घटनेला वर्ष उलटलं की आयोगाला चौकशी करता येत नाही. महिनाच उरलाय. दवाखान्याचे कागद घेऊन याच आठवड्यात फौजदारी वकील गाठा.

प्रश्न : एक ‘मानवाधिकार’ संघटना पैसे घेऊन पदाधिकाऱ्याचं ओळखपत्र देते. घ्यावं का?

उत्तर : त्यानं कसलाही सरकारी अधिकार मिळत नाही, गाडीवर पाटी लावून तर मुळीच नाही. आयोगाकडे तक्रारीला दमडी लागत नाही. पैसे दिले असतील तर पावती वकिलाला दाखवा.

प्रश्न : आमच्या ऑफिसात चौदा जण आहोत, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती नाही. मॅनेजरच्या लैंगिक त्रासाची तक्रार कुठे करू?

उत्तर : दहा माणसांपासून समिती सक्तीची आहे. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाचा करार आपण १९९३ ला मान्य केला, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावरच्या १९९७ च्या विशाखा निकालात सुप्रीम कोर्टानं त्याचा आधार घेतला, त्यावरचा कायदा २०१३ ला आला. वीस वर्षं! समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे लेखी तक्रार द्या. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत. तारखा लिहून काढा आणि आधी वकिलाला दाखवा.