बीजीएमआयमध्ये आमिष लावायला शिकताना

बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेममध्ये दिसेल त्याच्या मागे धावण्याऐवजी शत्रूला आपल्याकडे ओढायचं तुला सुचलं, हे फार चांगलं आहे. सुरुवात दारांपासून कर. सामना सुरू होतो तेव्हा घरांची दारं बंद असतात, त्यामुळे उघडं दार दिसलं की येणारा समजतो की आत कुणीतरी आहे किंवा येऊन गेलंय. म्हणून एका घराचं दार उघडं ठेव आणि शेजारच्या घरात दार लावून, खिडकीतून नजर ठेवून बस.

नवीन मुलं हमखास इथे चुकतात:

- आधी आमिष लावतात, मग आडोसा शोधतात. आडोसा आधी हवा.
- शत्रू दिसताच लांबून गोळी झाडतात. तो उघड्यावर येईपर्यंत थांब. आवाज झाला की त्याच्या नकाशावर तुझी दिशा उमटते.
- एअरड्रॉपच्या, म्हणजे विमानातून पडणाऱ्या सामानाच्या पेटीच्या, लाल धुराकडे धावत सुटतात. तो धूर सगळ्यांनाच दिसतो. लांबच्या चढावरून पाहा, पेटीला हात लावू नकोस.

आता सर्वांत महत्त्वाचं. तुझा साथीदार नॉक झाला, म्हणजे जखमी होऊन पडला पण अजून उचलता येतो, आणि शत्रू त्याला संपवत नसेल, तर तो साथीदारच तुझ्यासाठी लावलेलं आमिष आहे. जीव तुटतो, कळतं मला! तरी आधी स्मोक, म्हणजे धुराचा ग्रेनेड, टाक, मगच उचलायला जा. मेलेल्याच्या क्रेटचंही, म्हणजे मागे राहिलेल्या त्याच्या सामानाच्या पेटीचंही, तसंच.

ग्रेनेडचं टायमिंग, चौघांचा सापळा हे पुढे बघू. सध्या एरांगेल या नकाशावर पोचिंकी हे गर्दीचं गाव टाळ, कडेच्या छोट्या वस्त्यांवर उतर आणि दारांचाच सराव कर.