दशांश ग्रॉसवर काढायचा की इन-हँडवर? आणि पैशाचे बाकीचे प्रश्न

गेल्या अंकात दानार्पणावर दोन ओळी काय लिहिल्या, महिनाभर पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज येतच राहिले. आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, पैशाबद्दल उघड कुणी बोलत नाही, उपासना सुटल्यावर कंपाउंडमध्ये मात्र दुसरं काही बोलणं नसतं. म्हणून यावेळी फक्त हेच प्रश्न घेतलेत, दशांशाचे म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याचेही. नावं कुणाचीच छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न : सलाम. चर्चच्या नव्या छपरासाठी मागच्या वर्षी आमच्या मिस्टरांनी भर उपासनेत उभं राहून ५० हजार लिहून दिले. त्यातले १५ हजार भरले आणि एमआयडीसीतली नोकरी गेली. आता दर महिन्याला बाकी असलेल्यांची यादी वाचतात, आमचं नाव आलं की मान वर करवत नाही. कमिटीतले एकजण म्हणाले, देवाला नवस केलाय, फेडायलाच पाहिजे. पतपेढीतून कर्ज काढू का? (नगर)

ताई, कर्ज काढू नका. हे पहिलं आणि ठाम.

ते कमिटीवाले बायबलातल्या 'उपदेशक' या पुस्तकाचा ५वा अध्याय सांगतायत, नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा, ते आहेच तिथे. पण त्याच अध्यायात दोन ओळी वर असंही आहे की देवासमोर तोंड उघडायची घाई करू नको. माइकवर "कोण पुढे येतंय, कोण पुढे येतंय" करत लोकांना उभं करणाऱ्यांनी ती ओळ आधी वाचायला हवी होती ना, ५० हजाराचा आकडा काही मिस्टरांनी घरी बसून पासबुक बघून ठरवलेला नव्हता.

आणि कबूल करून राहिलेल्या पैशाची गोष्ट नव्या करारात चांगली दोन अध्याय आहे, २ करिंथ, म्हणजे प्रेषित पौलाचं करिंथच्या मंडळीला दुसरं पत्र, अध्याय ८ आणि ९. करिंथच्या मंडळीने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्षभर आधी शब्द दिलेला, पैसे काही पूर्ण झालेले नव्हते, पौल आपला सहकारी तीत याला पाठवतो आणि लिहितो की आता ते पुरं करा. म्हणजे विसरून जा असं म्हणत नाही, पण लगेच पुढे म्हणतो की माणसाजवळ जे असेल त्याच्या मानाने ते मान्य होतं, जे नाही त्याच्या मानाने नाही. दुसऱ्याचा भार हलका व्हावा आणि तुम्ही ओझ्याखाली जावं असा हेतू नाही, हेही तिथेच आहे. कबूल केलं असेल तर मनापासून प्रयत्न करा, पण पतपेढीचं व्याज डोक्यावर घ्या असं पौल कुठेही सांगत नाही.

आता करायचं काय? मिस्टरांच्या सहीचं चार ओळींचं पत्र खजिनदारांना द्या : अमुक तारखेला इतके कबूल केले, इतके भरले, नोकरी गेल्यामुळे उरलेले सध्या शक्य नाहीत, परिस्थिती सुधारली की कळवू, तोवर आमचं नाव बाकीच्या यादीत वाचू नये. एक प्रत पाळकसाहेबांना आणि एक आपल्याकडे पोच घेऊन. तोंडी सांगू नका, तोंडी सांगितलेलं नवीन कमिटी आली की हवेत जातं. अमेरिकेतल्या बऱ्याच चर्चमध्ये दर ऑक्टोबर-नोव्हेंबरला प्लेज कार्ड घरी देतात, लोक पुढच्या वर्षी साधारण किती देऊ शकू ते लिहितात, त्यावरून चर्चचं बजेट बसतं, आणि मधेच नोकरी गेली तर ऑफिसला कळवून आकडा कमी करतात, कुणी यादी वाचत नाही. आपल्याकडेही कार्ड घरी न्यायला दिलं तर आकडे लहान येतील पण खरे येतील.

यादी वाचण्याबद्दल माझं मत विचाराल तर तो प्रकार बंदच व्हायला पाहिजे. एकूण किती जमले, छपरावर किती खर्च झाले, किती कमी पडतायत, एवढं नोटीस बोर्डवर लावा की.

प्रश्न : मुलगी पुण्यात आयटीत लागली. सीटीसी मोठा दिसतो पण हातात ३२ हजार येतात, ग्रॉस ३८ आहे. दशांश कशावर? शिवाय ती मला आणि तिच्या आजीला औषधांसाठी ५ हजार पाठवते, ते दशांशात धरले तर चालतील का? (श्रीरामपूर)

ग्रॉसवर ३,८०० होतात, इन-हँडवर ३,२००. बायबलात पे-स्लिप नाही त्यामुळे छातीठोक कुणीच सांगू शकत नाही, जो सांगतो तो स्वतःचं मत सांगतो. माझं म्हणाल तर पीएफ हा तिचाच पैसा आहे, पुढे मिळेल तेव्हा त्यावर देता येईल, आज हातात नसलेल्यावर आज द्यायची सक्ती कशाला.

पण मुळात दशांशाबद्दल एक गोष्ट आपल्या प्रवचनांत येतच नाही. मलाखी ३:१० प्रत्येकाला पाठ, दशांश कोठारात आणा आणि माझी परीक्षा पाहा. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा १४वा अध्याय कितीजणांनी वाचलाय? तिथे दशांश धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा आहे, आणि देवाने निवडलेलं ठिकाण लांब असेल तर तो विकून पैसे गाठीला बांधून न्यायचे, तिथे जाऊन मनाला येईल ते विकत घ्यायचं आणि घरच्यांसोबत देवासमोर खायचं, आनंद करायचा! लेव्याला, म्हणजे देवळाची सेवा करणाऱ्या वंशातल्या माणसाला, मात्र विसरायचं नाही. आणि दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा, लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. म्हणजे देवळाचा खर्च, सण आणि गरिबांची सोय असं सगळं त्यात होतं, नुसता मेंटेनन्स फंड नव्हता तो.

आजीच्या औषधांचं तर येशूने स्वतःच सांगितलंय, मार्क ७. माझ्याकडून तुम्हाला जे मिळायचं ते 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलंय असं आईबापाला सांगून हात झटकणाऱ्यांना त्याने चांगलंच सुनावलं. त्यामुळे औषधं आधी. ते पैसे दशांशात धरावेत की नाही यावर पाळकांमध्येही दोन मतं आहेत, मी म्हणेन आकडेमोडीत नका पडू, ५ हजार आजीला जाऊ देत आणि मंडळीला तिने १,५०० ठरवून नियमित दिले तरी १ करिंथ १६:२ मध्ये पौल 'मिळकतीप्रमाणे' म्हणतो त्यात ते बसतं. पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश मोजत न्याय आणि दया सोडून देणाऱ्यांचं काय झालं ते मत्तय २३ मध्ये आहे.

प्रश्न : आम्ही वसईचे कॅथलिक. सून प्रोटेस्टंट आहे, ती म्हणते तुम्ही दशांश देत नाही म्हणून घरात बरकत नाही. आमच्यात नियम आहे का? (वसई)

चर्चच्या गरजांना हातभार लावणं हे कॅथलिक माणसाचं कर्तव्य आहे, १९८३च्या कॅनन लॉमध्ये (कॅथलिक चर्चच्या कायद्यात) कलम २२२ आहे त्यासाठी, पण दहा टक्के असा आकडा त्यात नाही. आणि त्याच कायद्यात हेही आहे की पैसे नाहीत म्हणून गरिबाला कुठल्याही संस्काराला मुकावं लागू नये. बरकतीचं सुनेला सांगा की लूकच्या शुभवर्तमानात गरीब विधवेने दानपेटीत दोन दमड्या टाकल्या, तिच्याजवळ होतं नव्हतं ते सगळं टाकलं, आणि पुढे तिची भरभराट झाली असं लूक कुठेच लिहीत नाही.

प्रश्न : मी जर्मनीत श्टुटगार्टला जॉब करतो. आल्यावर पत्ता नोंदवायच्या फॉर्ममध्ये धर्म विचारला, मी सरळ प्रोटेस्टंट लिहिलं. आता दर महिन्याला पगारातून 'किर्खेनश्टॉयर' कापतात. नगरच्या माझ्या मंडळीलाही दशांश पाठवतो. हा डबल दशांश नाही का? (श्टुटगार्ट)

तुझ्यासारखे बरेच असतील तिकडे. हा चर्च टॅक्स आहे, सरकार वसूल करून चर्चला देतं, आणि तो उत्पन्नावर नसतो तर तुझ्या इन्कम टॅक्सवर असतो. तुझ्या राज्यात आणि बव्हेरियात ८ टक्के, बाकी राज्यांत ९. समजा महिन्याचा इन्कम टॅक्स ६०० युरो असेल तर ४८ युरो, म्हणजे दशांशाच्या आसपासही नाही. वर्षाचं रिटर्न भरताना तो खर्च म्हणून दाखवता येतो, तेव्हा टॅक्समध्ये थोडी सूट मिळते, ती सोडू नको.

नको असेल तर श्टुटगार्टमध्ये श्टांडेसाम्टला (सरकारी नोंदणी कार्यालयात) स्वतः जाऊन चर्च सोडल्याची नोंद करावी लागते, फी पडते. पण ती नुसती टॅक्सची नोंद नाही, तिथल्या चर्चचं सभासदत्वच जातं, उद्या तिकडे लग्न किंवा बाळाचा बाप्तिस्मा करायचा झाला की तो कागद समोर येतो. ४८ युरोंसाठी मी तरी सोडणार नाही, तिथल्या उपासनेला जात असशील तर त्या हॉलचं हीटिंग कोण भरतं? गावाकडचा दशांश तेवढ्याने कमी केलास तर कुणी पाप म्हणू नये.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत, आता तिकडचा नागरिक. गावच्या चर्चला २ लाख द्यायचेत त्याला. कमिटी म्हणते त्याने आईच्या खात्यात टाकावेत, आईने चेक द्यावा. (जालना)

नको. एफसीआरए म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्यात पैसा कुठल्या देशातून आला यापेक्षा देणारा कुठला नागरिक आहे हे बघतात. भारतीय पासपोर्टवाल्याने परदेशातली स्वतःची कमाई बँकेतून पाठवली तर ती विदेशी देणगी नाही. मुलगा अमेरिकन नागरिक झाला, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, की त्याचा पैसा विदेशी देणगी, इकडे येऊन रुपयांत रोख टाकला तरी. आईला घरखर्चाला पाठवले ते वेगळं, पण चर्चला द्यायचे म्हणून आईमार्फत फिरवले तरी कायद्याने ते विदेशीच राहतात. चर्चकडे किंवा डायोसिसकडे एफसीआरए नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं ते ठरलेलं खातं असेल तरच त्यातून द्या, नाहीतर अडचण त्या बिचाऱ्या खजिनदाराला होते.

प्रश्न : चर्चच्या पावतीवर ८० जी मिळते का? (पुणे)

८० जी म्हणजे दिलेल्या देणगीवर आयकरात मिळणारी सवलत. बहुतेक नाही मिळत. एका विशिष्ट धर्माच्या लोकांसाठीच असलेल्या ट्रस्टला ती सवलत नसते. चर्चचाच वेगळा ट्रस्ट सगळ्यांसाठी हॉस्पिटल किंवा शाळा चालवत असेल आणि त्याच्याकडे ८० जी असेल तर त्याला दिलेल्यावर मिळते, तीही जुन्या करपद्धतीत, आणि २ हजारांवर रोख दिले तर अजिबात नाही.

प्रश्न : कापणीच्या सणाला लिलावात भोपळा ३ हजाराला घेतला. पैसे दिले पण पावती नाही, खजिनदार म्हणतात लिलावाची पावती नसते. (सोलापूर)

असं कसं नसते? लिलावात तर जास्तच लागते. कोंबडी, नारळ, भोपळा, ज्वारीची पोती, एकच नारळ परत दान करून चारदा विकला जातो, गर्दी हसत असते, आणि संध्याकाळी कुणी किती बोललं हे कुणाच्याच लक्षात नसतं. सोपं आहे : लिलाव करणाऱ्याच्या शेजारी दोघं बसवायचे, एक नाव आणि रक्कम लिहील, दुसरा लगेच पावती फाडेल, उधार असेल तर त्याच वहीत उधार लिहायचं. शेवटी दोघांच्या सह्या. रविवारच्या थैलीचंही तसंच, दोघांनी मिळून मोजायचं आणि दशांश, उपकारस्तुती, वाढदिवस, बांधकाम असे रकाने वेगळे ठेवायचे. क्यूआर कोड लावला असेल तर स्कॅन केल्यावर चर्चचं नाव येतंय की कुणा माणसाचं, ते बघूनच पैसे टाका.

चर्चचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असला तर दरवर्षी हिशेब ऑडिट करावेच लागतात, तुम्ही सभासद आहात, वार्षिक सभेत उभं राहून विचारा. भोपळ्याचे ३ हजार कुठल्या रकान्यात गेले एवढंच विचारायचं, आवाज न चढवता.