ऑनलाइन ‘माफिया’ : सूत्रधाराने काय सांभाळावे?

प्रश्न : आम्ही मामे-मावस भावंडे दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ‘माफिया’ खेळतो. यात एक जण गुपचूप माफिया असतो आणि बाकीचे गावकरी. ‘रात्री’ माफिया एकाला बाद करतो, ‘दिवसा’ सगळे मतदानाने एका संशयिताला बाद करतात. माफिया बाद झाला तर गाव जिंकते, तो आणि एकच गावकरी उरले तर माफिया. निम्मी मंडळी नागपुरात, बाकीची पुण्याला आणि बंगळुरूला. मे महिन्यात दुपारी इथे घराबाहेर पाय टाकवत नाही, त्यामुळे खेळ चांगला रंगतो. सूत्रधार मीच असते. मात्र पाचऐवजी सहा खेळाडू झाले, की माफियाच वरचढ ठरतो असे वाटते. शिवाय माझ्या अबोल मावसबहिणीला पहिल्याच मतदानात बाद केले जाते, त्यामुळे ती आता यायला टाळते. मी काय करावे?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : पहिले निरीक्षण अचूक आहे. एकच माफिया आहे, बाकीचे साधे गावकरी आहेत, खेळ दिवसाने सुरू होतो आणि मते निव्वळ अंदाजाने पडतात असे धरले, तर पाच जणांत गावाची जिंकण्याची शक्यता सुमारे 47 टक्के असते, तर सहा जणांत ती 37.5 टक्क्यांवर येते. कारण दोन्ही वेळा गावाला मतदानाच्या संधी दोनच मिळतात, पण सहा जणांत संशयित एकाने वाढलेला असतो. सात जण असले, की तिसरे मतदान मिळते आणि शक्यता 54 टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून खेळाडूंची संख्या सम असेल, तेव्हा एका गावकऱ्याला डॉक्टर करावे, म्हणजे रात्री माफियापासून एकाला वाचवण्याची संधी द्यावी. त्याने एकदा जरी कुणाला वाचवले, तरी गावाला आणखी एक मतदान मिळते. (खेळ रात्रीने सुरू करत असाल, तर हे गणित एकाने पुढे सरकते.)

मावसबहिणीचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्राचे विद्यार्थी असलेल्या दिमित्री डेव्हिडॉफ यांनी 1986 साली हा खेळ रचला, तेव्हा सगळे एकाच खोलीत बसत आणि एकमेकांची चुळबुळ पाहत. कॉलवर ती दिसत नाही, उरतात फक्त शब्द. आणि जो बोलत नाही, त्याच्यावर बोट ठेवणे सगळ्यांनाच सोयीचे जाते. तेव्हा मतदानापूर्वी आपण नाव घेऊन प्रत्येकाला एकेक मिनिट द्यावे, सुरुवात दर फेरीत वेगळ्या व्यक्तीपासून करावी, आणि मत देणाऱ्याने त्या डावातील एखादे वाक्य किंवा कृती कारण म्हणून सांगितलीच पाहिजे असा नियम करावा. ‘ती गप्प आहे’ हे कारण मान्य करू नये. बोलण्याऐवजी चॅटमध्ये लिहिण्याची मुभा मात्र सर्वांना असावी. तिला वाचवण्यासाठी सोयीची भूमिका मुद्दाम देणे टाळावे. भूमिका चिठ्ठ्या टाकूनच ठरल्या पाहिजेत, नाहीतर भावंडे दोन रविवारांत ते ओळखतील आणि तिच्या भूमिकेचा अंदाज सूत्रधाराच्या स्वभावावरून बांधू लागतील.

आपण विचारले नसले, तरी रात्रीच्या फेरीबद्दल सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ऑनलाइन खेळात गुपित फुटते ते बहुधा तिथेच. डॉक्टर बाद झाला, म्हणून सूत्रधाराने त्याला हाक मारणे सोडले किंवा दोन सेकंदांतच पुढचे वाक्य म्हटले, की डॉक्टर आता उरलेला नाही हे चाणाक्ष खेळाडूला लगेच कळते. म्हणून मेलेल्या भूमिकेलाही त्याच आवाजात पुकारावे आणि नेहमीइतकेच थांबावे. रात्री सर्वांचे कॅमेरे बंद आणि माईक म्यूट असावेत. साध्या गावकऱ्यांनीही प्रत्येक रात्री आपल्या संशयिताचे नाव सूत्रधाराला खासगी संदेशाने कळवावे, म्हणजे शेजारच्या खोलीत बसलेल्या भावाला मोबाइलवर टाइप केल्याचा आवाज आला, तरी त्यावरून काहीच ठरवता येणार नाही.

बाद झालेल्यांसाठी वेगळा गट ठेवावा आणि आपण रात्री पाहिलेले सारे त्यांना तिथे सांगावे. कोण कुठे फसतो आहे हे पाहण्यात ते रमतात आणि डाव संपेपर्यंत कॉल सोडत नाहीत. मावसबहिणीला मात्र येत्या रविवारपूर्वी स्वतंत्र फोन करून हे नवे नियम सांगावेत आणि त्यांतला कोणता तिला जाचक वाटतो, हे तिलाच विचारावे.