वाचक विचारतात : नोकरी परदेशातली, व्हिसा कुठला?

प्रश्न : धाकटा भाऊ नववी शिकलेला, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर आहे. एजंट म्हणतो, आधी व्हिजिट व्हिसावर दुबईला जा, वर्क व्हिसा तिथं लावू. १ लाख २० हजार मागतोय. द्यावेत का?
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : देऊ नका. दहावी न झालेल्याचा पासपोर्ट सहसा 'ईसीआर' (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे नोकरीला परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा) असतो. अशा माणसाला यूएई धरून १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची मंजुरी लागते. त्यासाठी मालक, काम आणि पगार 'ई-मायग्रेट' या सरकारी पोर्टलवर चढवावे लागतात. व्हिजिट व्हिसा ही नेमकी ती नोंद चुकवायची पळवाट. उद्या पगार थकला तर भावाकडे दाखवायला करार नाही. वर, त्या व्हिसावर काम करणंच बेकायदा, म्हणजे तक्रार करायला गेला की पहिला अडकणार तोच. प्रवासी भारतीय विमाही (२ वर्षांचा हप्ता २७५ रुपये, संरक्षण १० लाखांचं) या वाटेनं जाणाऱ्याला मिळत नाही.

एजंटचा परवाना क्रमांक मागा आणि पोर्टलवर तो चालू आहे का, ते स्वतः बघा. 'आमची मुंबईची एजन्सी आहे' एवढ्यावर विसंबू नका; गावोगाव फिरणारे बहुतेक सबएजंट असतात, परवाना त्यांच्या नावावर नसतो. परवानाधारकाला घेता येतात जास्तीत जास्त ३०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये. तेही पावती घेऊनच द्यायचे.

प्रश्न : मुलगी मेलबर्नला (ऑस्ट्रेलिया) एका रेस्टॉरंटात ४८२ व्हिसावर (मालकाच्या स्पॉन्सरशिपवर, म्हणजे हमीवर, मिळणारा तात्पुरता कामाचा व्हिसा) आहे. पगार बँकेत पूर्ण येतो, पण मालक त्यातले काही रोख परत घेतो. बोललीस तर व्हिसा रद्द करीन म्हणतो.
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : व्हिसा रद्द करायचा अधिकार सरकारचा, मालकाचा नव्हे. तो फक्त स्पॉन्सरशिप काढून घेऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून ४८२ वाल्यांना नोकरी सुटल्यावर नवा स्पॉन्सर शोधायला एका वेळी १८० दिवस मिळतात (व्हिसाच्या पूर्ण मुदतीत मिळून ३६५), आणि तेवढ्यात दुसरीकडे कामही करता येतं. व्हिसाचा धाक घालून राबवणं हा तिथं आता गुन्हा आहे. त्याच महिन्यात 'वर्कप्लेस जस्टिस' व्हिसा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला : पिळवणुकीची दाद मागणाऱ्याला ६ ते १२ महिने राहता यावं म्हणून. त्याला फेअर वर्क ऑम्बुड्समन (कामगारांच्या हक्कांवर लक्ष ठेवणारी तिथली सरकारी यंत्रणा) किंवा मान्यताप्राप्त संस्थेचा दाखला लागतो. आधी ही योजना चालू आहे का, ते तिथल्या गृहखात्याच्या संकेतस्थळावर बघायला सांगा.

खरी अडचण पुराव्याची, कारण पेस्लिपवर सगळं चोख दिसतं. परत दिलेली रोकड ती एटीएममधून काढत असणार. समजा, गुरुवारी पगार जमा आणि त्याच संध्याकाळी ठरावीक रक्कम बाहेर, हे दर पंधरवड्याला स्टेटमेंटात दिसलं की चोरी आपोआप उघडी पडते. सोबत मालकाचे मेसेज आणि ड्युटीच्या तक्त्याचे फोटो. हे सगळं कामावरच्या फोनवर नको, तुमच्याकडे पाठवून ठेवायला सांगा.

प्रश्न : नवरा सौदीत हाउस ड्रायव्हर. पासपोर्ट मालकाकडे. २०२१ च्या नव्या नियमानं नोकरी बदलता येईल?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : त्या नियमानं नाही. मालकाच्या परवानगीविना नोकरी बदलू देणाऱ्या त्या सुधारणांतून घरकामगार आणि खासगी ड्रायव्हर वगळलेले आहेत. मात्र कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवायला तिथंही मनाई आहे. तुम्ही बार्शीतूनच परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार करू शकता; पासपोर्ट क्रमांक, इकामा (सौदीतलं रहिवासी ओळखपत्र) क्रमांक, मालकाचं नाव-फोन आणि घराचं लोकेशन आधी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घ्या.