मुदत धुरापासून नाही, ताब्यापासून मोजा

कळव्याच्या एका वाचकांकडे वडिलांच्या काळातली महिंद्राची एफसी पिकअप आहे. खाडीच्या खाऱ्या हवेनं वायरिंग पार कळकलं, म्हणून त्यांनी गाडी रबाळ्याच्या एका गॅरेजला दिली. पूर्ण नवं हार्नेस, म्हणजे गाडीतल्या सगळ्या तारांचा जुडगा, टाकायचं ठरलं, ७२ हजार रुपये गुगल पे केले आणि दोन वर्षांपूर्वी ४ जूनला गाडी दारात आली. त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास डॅशबोर्डमागून धूर निघाला. दुसऱ्या इलेक्ट्रिशियननं उघडून पाहिलं तर हार्नेस जुनंच, फक्त दिसणारा भाग नवा. गॅरेजमालक तेव्हापासून ‘करून देतो’ म्हणताहेत. वाचक विचारतात, ‘ग्राहक आयोगात तक्रारीला ऑक्टोबरपर्यंत मुदत आहे, पावसाळा संपेपर्यंत थांबू का?’

थांबू नका. ऑक्टोबर विसरा. तक्रार ३ जूनच्या आत दाखल झाली पाहिजे, आणि मे संपत आला आहे.

काम निकृष्ट झालं की नाही यावर मी शब्द खर्च करत नाही. नव्या हार्नेसचे पैसे घेऊन जुनं ठेवलं, ही सेवेतली त्रुटी आहे. प्रश्न तारखेचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. दोष धुरामुळे कळला, म्हणून ऑक्टोबरपासून मोजायचं, हा तुमचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. पण तुम्हीच सोबत पाठवलेल्या व्हॉट्सॲप संवादात त्याच वर्षीच्या १३ जूनचा मेसेज आहे: ‘हेडलाइटचा फ्यूज तिसऱ्यांदा उडाला, बघा जरा.’ समोरचा वकील पहिल्याच तारखेला हा मेसेज दाखवून म्हणेल की दोष यांना जूनमध्येच माहीत होता. मग ऑक्टोबरपासून मोजायला जागाच राहत नाही. ताब्याच्या तारखेपासून, म्हणजे गाडी दारात आली त्या ४ जूनपासून, दोन वर्षांच्या आत गेलात तर हा वाद उद्भवतच नाही. हातात असलेली मुदत वादात कशाला घालायची?

‘ते अजून करून देतो म्हणताहेत, म्हणजे मुदत वाढते ना?’ हा प्रश्न मला सतत येतो: गळक्या गच्चीबद्दल, अर्धवट फर्निचरबद्दल, बिल्डरबद्दल. पत्रव्यवहारानं मुदत वाढत नाही. कंदीमल्ला राघवैय्या विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या प्रकरणात १९८८ साली तंबाखूच्या गोदामाला आग लागली होती. पुढे कित्येक वर्षांनी पत्रं, नोटिसा आणि उत्तरं झाली. सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये मुदत आगीच्या तारखेपासूनच मोजली आणि दावा गेला. उशीर झाल्यावर कलम ६९(२) खाली माफीचा अर्ज करता येतो, पण त्यासाठी पुरेसं कारण लागतं, आणि ‘गॅरेजवाल्यावर विश्वास ठेवला’ हे कारण प्रत्येक आयोग मान्य करेलच असं नाही.

आता ज्याचा मला राग आला ते. इलेक्ट्रिशियननं काढलेल्या जळक्या तारा तुम्ही भंगारात टाकल्या. जुनी तार कापली की आतलं तांबं लालसर निघायला हवं; तुमच्या फोटोत ते काळं-हिरवं, पूड सुटलेलं आहे, आणि त्यावरच नवी तार पिळून काळी टेप गुंडाळली आहे. लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) नाही, सोल्डर नाही, स्लीव्ह (जोडावरची इन्सुलेशनची नळी) नाही. अशा जोडात रोध वाढतो आणि दिवे लावले की जोड तापतो. हा तुकडा आयोगासमोर ठेवता आला असता. आता उरलेल्या वायरिंगला कोणालाही हात लावू देऊ नका. या आठवड्यात एखाद्या परवानाधारक स्वतंत्र सर्व्हेअरला बोलवा; टेप न काढता आणि काढून, दोन्ही फोटो घ्यायला सांगा, चॅसिसच्या अर्थिंगचेही, आणि लेखी अहवाल घ्या. दुसऱ्या इलेक्ट्रिशियनचं प्रतिज्ञापत्र जोडा. व्हॉट्सॲपसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र लावा आणि मूळ फोन जपून ठेवा. बिल घेतलं नाहीत, ते चुकलंच. गुगल पेची नोंद आणि ‘फुल नवं हार्नेस’ लिहिलेला एस्टिमेटचा मेसेज आता बिलाची जागा घेतील.

फ्यूज उडत होता म्हणून तुम्ही १५ ॲम्पियरच्या जागी ३० चा घातला, हेही लिहिलं आहेत. फ्यूज उडतो तो तार वाचवायला. हे तक्रारीत स्वतःहून सांगा. लपवलंत आणि उलटतपासणीत बाहेर आलं तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही संशय येईल. भरपाई काही प्रमाणात कमी होऊ शकते. किती, ते आयोगावर अवलंबून.

पिकअप तुम्ही लग्नाच्या फोटोशूटला भाड्यानं देता का, हे पत्रात नाही. देत असाल तर ‘हे ग्राहकच नाहीत’ असा व्यावसायिक वापराचा मुद्दा उपस्थित होईल आणि खासगी नोंदणीवर भाडं घेतल्याचाही. हे मला वेगळं कळवा. आरसीचं दर पाच वर्षांचं नूतनीकरण राहिलं असेल तर ते ठाणे आरटीओत करून घ्या. त्यामुळे गॅरेजची जबाबदारी सुटत नाही. विमा फक्त थर्ड पार्टी असल्यानं तिथून काही मिळणार नाही. पोलीस बहुधा हा दिवाणी वाद म्हणतील, तिथे वेळ घालवू नका.

तुम्ही राहता ठाणे जिल्ह्यात, त्यामुळे तक्रार ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात. ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर ती ऑनलाइन भरता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. मागणी: ७२ हजार व्याजासह, नव्यानं वायरिंग करण्याचा खर्च, मनस्ताप आणि खर्चाची रक्कम. नोटीस पाठवायची असेल तर उद्याच स्पीड पोस्टनं पाठवा, पण उत्तराची वाट पाहू नका. ती सक्तीची नाही. कायदा सांगतो निकाल तीन महिन्यांत, प्रत्यक्षात वर्षं जातात, आणि ग्राहकाला असं ताटकळत ठेवणं मला अजिबात मान्य नाही. पण आयोगाची नोटीस मिळाल्यापासून गॅरेजला जबाबासाठी ३० दिवस आणि वर फार तर १५ मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० मध्ये ही मर्यादा बंधनकारक ठरवली आहे. ४५ दिवस उलटले आणि जबाब आला नसेल, तर त्याच तारखेला जबाबाशिवाय पुढे जाण्याचा अर्ज द्या.