मुंबईत करमत नाही, परत गावी जाऊ का?

"मॅडम, मुंबईत येऊन तीन वर्षं होत आली पण मला इथं करमतच नाही, मला डिप्रेशन आलंय का, का सरळ नोकरी सोडून गावी जाऊ?" हा प्रश्न माझ्याकडे काउन्सेलिंगमध्ये सतत येतो. नोकरीसाठी आलेली मुलं-मुली, लग्न होऊन आलेल्या सुना, मुलाकडे कायमचे राहायला आलेले रिटायर्ड वडील, सगळ्यांचं म्हणणं थोड्याफार फरकाने हेच. म्हणून आज एका मुलीबद्दल लिहितेय, तिची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, फक्त गाव परभणी जिल्ह्यातलं एवढं तसंच ठेवलंय कारण पुढे ते लागणार आहे.

ती सव्वीस-सत्तावीसची. डोंबिवलीला तिघीजणींबरोबर फ्लॅट शेअर करते आणि ऑफिस फोर्टात. सकाळची फास्ट लोकल, सीएसएमटीला उतरायचं, सबवेतून धावत ऑफिस गाठायचं, रात्री तेच उलटं. रविवारी कपडे, झोप आणि मोबाईल. मला म्हणाली, "गावाकडं सगळ्यांना वाटतं पोरगी मुंबईत आहे म्हणजे काय मजा करत असेल, आणि कुणी विचारलं मुंबईत काय काय बघितलंस तर मला सांगताच येत नाही. मरीन ड्राईव्हला गेले होते, तिथं सगळे जोडीनं नाहीतर ग्रुपनं, मला आणखीनच एकटं वाटलं." आणि मग जरा थांबून, "रडू पण येत नाही मॅडम. नुसतं सपाट वाटतं."

हे "सपाट" ऐकलं की मी आधी बाकीची चौकशी करते आणि ती कधीच टाळत नाही. झोप कशी आहे, भूक आहे का, कामात लक्ष लागतं का, आधी आवडायच्या त्या सगळ्याच गोष्टी नकोशा झाल्यात का, जगूच नये असे विचार येतात का. हे सगळं दोन आठवड्यांपेक्षा जास्त रोजच्या रोज असेल तर फिरायला जा वगैरे सांगण्यात अर्थ नाही, तिथे सायकियाट्रिस्टला दाखवायचं, आणि जगू नये असे विचार असतील तर एक दिवसही थांबायचं नाही. हिचं तसं नव्हतं. गावी गेली की चार दिवस छान जायचे, आईच्या हातचं पोटभर जेवायची, मैत्रिणींबरोबर हसायची. मुंबईत परत आली की कल्याण जवळ आल्यावर पोटात गोळा.

मी तिला एका साध्या दिवसाचं टिपण काढायला सांगितलं, कितीला काय केलं एवढंच नाही तर त्या वेळी डोळ्यांसमोर काय होतं तेही लिहायचं. ते टिपण वाचून तीच गप्प झाली, कारण दिवसभरात डोळ्यांसमोर होतं ते म्हणजे मोबाईल, पुढच्या बाईची पाठ, कॉम्प्युटर, परत पाठ, परत मोबाईल.

यात तिचा काही दोष नाही हे मला इथे मुद्दाम सांगायचंय. डोंबिवलीहून सकाळच्या लेडीज डब्यात ज्या बायका चढतात त्यांना माहितीये, त्या गर्दीत डोळे-कान-नाक सगळं बंद करूनच उभं राहावं लागतं, नाहीतर माणूस टिकणार नाही. शरीर स्वतःला वाचवायला शटर खाली ओढतं. अडचण एवढीच की गाडीतून उतरल्यावर ते वर करायचं राहून जातं आणि मग गर्दीबरोबर बाकीचंही सगळं बाहेरच राहतं. त्यात रोज तीच वाट असली की मेंदू ती बघायचीच बंद करतो, काही नवीन नाही म्हणून सोडून देतो, हे सगळ्यांचंच होतं.

मग मी तिला विचारलं, "तू रोज ज्या स्टेशनवर उतरतेस, त्या इमारतीवर प्राणी कुठले कुठले आहेत?"

"प्राणी? कुठं?"

म्हटलं हाच होमवर्क. ऑफिस सुटल्यावर सबवेत शिरायच्या आधी पंधरा मिनिटं समोरच्या फुटपाथवर उभी राहा, हेडफोन काढ, फोटो काढू नको, फक्त वर बघ आणि किती सापडतात ते मला सांग. आनंद होतोय का हे अजिबात तपासायचं नाही, हे मी बजावून सांगितलं, कारण दर मिनिटाला स्वतःला विचारत बसलं की "आता बरं वाटतंय का?" तर येणारा आनंदही पळून जातो. डोक्यात प्रश्न असला की नजर बाहेर जाते.

पुढच्या सेशनला आली ती बसायच्या आधीच बोलायला लागली. गेटच्या खांबांवर सिंह आणि वाघ आहेत, सिंह म्हणजे ब्रिटन आणि वाघ म्हणजे भारत हे तिने नंतर शोधून काढलेलं. माकडं आहेत, मोर आहे, तोंड वासून पुढे झेपावलेले कसले कसले प्राणी आहेत आणि पार वर घुमटावर हातात मशाल घेतलेली एक बाई उभी आहे. ही इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली आणि त्यातलं बरंचसं कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं, हे मी सांगितलं तर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला, "म्हणजे माझ्यापेक्षा लहान पोरांनी?" आणि सगळ्यात जास्त तिला लागलं ते तिकीटघराचं. लोकलच्या त्या जुन्या तिकीटघराच्या छताला निळ्यावर सोनेरी चांदण्या रंगवल्यात. "मॅडम, मी तिथं लायनीत उभं राहून पास काढलाय हो, कितीतरी वेळा. एकदाही मान वर केली नाही."

इथपर्यंत छान. पण मग झालं काय, उत्साहाच्या भरात तिने रील्स बघून "मुंबईतल्या लपलेल्या जागा" अशी भली मोठी लिस्ट बनवली आणि एका रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत पळत पळत त्यातल्या जमतील तेवढ्या उरकल्या, संध्याकाळी पाय दुखतायत, फोटो शंभर, आणि मन परत सपाट. फोनवर म्हणाली, "माझ्यातच काहीतरी बिघाड आहे." अजिबात नाही. तिने रविवारचंसुद्धा ऑफिस करून टाकलं होतं, टार्गेट घेऊन. आणि या लिस्टवाल्या जागांबद्दल मला आणखी एक गोष्ट मनापासून वाटते, गिरगावातली खोताची वाडी घ्या, ती सुंदर आहेच पण तिथे लोक राहतात, त्यांच्या दारात पोज देऊन दोन मिनिटांत निघून जाण्याने ना त्यांना बरं वाटत ना तुम्हाला. त्यापेक्षा एका वाडीत हळू चालत जा, कुणी बोललं तर बोला.

मी तिला लिस्ट बाजूला ठेवायला लावली आणि एकच जागा निवड म्हटलं, जिथे परत परत जाता येईल, पैसे लागणार नाहीत, दिवसाउजेडी जाऊन येता येईल आणि रूममेटला सांगून निघायचं. तिने वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव निवडला. आजूबाजूला मलबार हिलचे टॉवर, आणि गल्लीतून खाली उतरलं की अचानक चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, मधे पाणी, काठाला देवळं आणि दीपमाळा, बदकं पोहतायत, कुणीतरी श्राद्धाचे विधी करतंय, पोरं पायऱ्यांवर क्रिकेट खेळतायत. तलाव शिलाहार राजांच्या काळातला, ११२७ साल सांगतात, आणि नंतर १७१५ च्या सुमाराला परत बांधला. रामाला तहान लागली आणि बाण मारून पाणी काढलं ही गोष्ट तिथे कुणीही सांगेल.

पहिल्या वेळी तिला काहीच वाटलं नाही. दुसऱ्या वेळी तिने पायरीवर बसलेल्या एका आजोबांना विचारलं की पाणी खारं का नाही, समुद्र तर इथं मागेच आहे. ते म्हणाले, खालून झरा आहे, गोड्या पाण्याचा, म्हणून. आणि मग तिने तिथूनच वडलांना फोन लावला.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तिचे वडील शेतकरी, रोजच्या फोनवर दोनच प्रश्न, जेवलीस का आणि पगार झाला का, कारण मुंबईचं दुसरं काय विचारायचं हे त्यांना माहितीच नव्हतं आणि तिच्याकडे सांगायला काही नसायचं. त्या दिवशी तिने झऱ्याचं सांगितलं आणि वडील सुरूच झाले, झरा कुठल्या अंगाला आहे, उन्हाळ्यात पाणी किती खाली जातं, पायऱ्या काळ्या दगडाच्या का, "आपल्याकडं वालूरला बारव हाय की, तसली हाय का?" सेलू तालुक्यातल्या वालूरची ती बारव, म्हणजे गोल गोल पायऱ्यांची विहीर, तिच्या गावापासून काही फार लांब नाही, आणि तिने ती कधी बघितलेली नव्हती. ती इकडे मुंबईच्या तलावाच्या काठावर आणि वडील तिकडे परभणीच्या शेतात उभं राहून पाण्यावर अर्धा तास बोलले. पुढच्या सुट्टीत वडलांनी तिला मोटरसायकलवरून वालूरला नेलं.

ऑफिसातही थोडं बदललं. ती जेवताना सीएसएमटीच्या माकडांबद्दल बोलली तर लीगलमधले एक सर म्हणाले, अगं हायकोर्टात तर न्यायाधीश माकड कोरलंय, एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं आणि हातात तिरका तराजू. तीन वर्षं एकाच टेबलावर डबा खाल्लेली माणसं पहिल्यांदा कामाव्यतिरिक्त काहीतरी बोलली.

अशा बघत चालण्यावर अभ्यासही झालाय. २०२० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी पन्नासेक ज्येष्ठ नागरिकांना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं चालायला लावलं, त्यातल्या निम्म्यांना सांगितलं की लहान मुलासारखं नव्या नजरेने बघत चाला. चालताना त्यांनी सेल्फी काढायचे होते. नव्या नजरेने बघणाऱ्यांच्या सेल्फीत हळूहळू स्वतःचा चेहरा लहान होत गेला, मागचं जग जास्त दिसायला लागलं आणि हसू मोठं होत गेलं. हा काही डिप्रेशनचा इलाज म्हणून केलेला अभ्यास नव्हता, ती तब्येतीने चांगली माणसं होती, पण "सपाट" वाटणाऱ्या माझ्या बऱ्याच क्लायंटना मी हे सांगते. मुलाच्या फ्लॅटमध्ये गुदमरलेल्या एका काकांना मी भायखळ्याच्या राणीच्या बागेकडे पाठवलं होतं, तिथे भाऊ दाजी लाड म्युझियमजवळ घारापुरीचा दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं तोच. इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो तुटला, मग तुकडे जोडून इथे उभा केला. काका आता नातवाला घेऊन जातात आणि सांध्याच्या खुणा दाखवतात.

ती मुलगी अजून मुंबईत आहे. लोकलची गर्दी तीच आहे आणि गर्दीचा तिला त्रास होतोच, तो होणारच. तिने पुण्याला ट्रान्सफर मागितलीय, मिळाली तर जाईल, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही, कारण आता ती पळून जायचं म्हणून जाणार नाहीये, तिला वडलांच्या जरा जवळ राहायचंय.

तुम्हालाही करमत नसेल तर या आठवड्यात रोजच्याच वाटेवरचा एक प्रश्न निवडा, हे झाड कुठलं, या गल्लीला हे नाव का, हा दगड इथे कशाला रोवलाय, आणि उत्तर शक्यतो गूगलला न विचारता तिथल्या माणसाला विचारा. पहिल्या खेपेला काही वाटलं नाही तर घाबरू नका, परत जा. पण काही आठवडे गेले आणि झोप, भूक, काम सगळंच बिघडत चाललं असेल तर वाट बघू नका, सरकारची टेली मानस हेल्पलाईन १४४१६ वर फुकट आणि चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं.