लूपचा बीपीएम हातानेच काढ

अरे, सॉफ्टवेअरने ढोलकीच्या लूपला (पुन्हा पुन्हा वाजवायच्या तुकड्याला) 150 बीपीएम, म्हणजे मिनिटाला 150 मात्रा, दाखवलं म्हणून लगेच तो लयीत बसवायला ताणायला घेऊ नकोस. त्याला दादरा-केरवा हे ताल कळत नाहीत. सहा मात्रांच्या चालीत ते बऱ्याचदा दीडपटीने चुकतं, एरवी दुप्पट नाहीतर निम्मं सांगतं. आधी टाळी देत मात्रा मोज. मग वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) मोठा करून पहिली थाप जिथे उसळते तिथेच काप. शेवट पुढच्या समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, अगदी आधी. मागे नुसती शांतता राहिली तरी हिशोब बिघडलाच. आता मात्रा गुणिले 60, भागिले सेकंद. 16 मात्रा 9.6 सेकंदांत, म्हणजे 100. उत्तर 99.4 आलं तर सॉफ्टवेअरमध्ये तेच टाक. माझ्यासारखं 100 करशील, तर आठव्या आवर्तनाला (तालाच्या आठव्या फेरीला) मेट्रोनोम, म्हणजे सॉफ्टवेअरचा टिकटिक ठोका, पुढे पळालेला असेल.